नवोदयची प्रतीक्षा यादी : क्रमांक कोणाचा आणि जागा कोणाची?

नागपूर शहराची तहान भागविणारा पेंच नदीवरील नवेगाव खैरीचा जलाशय पारशिवनी तालुक्यात आहे. नागपूर जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालयही त्याच नवेगाव खैरी येथे आहे. जलाशयातील पाणी शहराकडे जाते. विद्यालय मात्र मुख्यत्वेकरून खेड्यापाड्यांतील मुलांसाठी उभारलेले आहे. इयत्ता सहावीत तेथे दरवर्षी जास्तीत जास्त ८० मुलामुलींना प्रवेश मिळतो. जिल्ह्यातील तेराही पंचायत समित्यांच्या क्षेत्रांतून पाचवीतील मुले त्यासाठी परीक्षेला बसतात आणि निकाल जाहीर झाला की शाळेचे मुख्याध्यापक, गावचे सरपंच, पंचायत समितीचे सदस्य व गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे पालकांची रीघ लागते. ‘मुलाचे नाव प्रतीक्षा यादीत आहे, आता काय होईल?’ किंवा ‘थोडक्यात राहिला, कोठे दाद मागता येईल काय?’ असे हे प्रश्न असतात. अनेकदा त्यांना मिळणारी उत्तरे सहानुभूतीची असतात, परंतु माहितीची नसतात. त्यामुळे पालकांचे हेलपाटे वाढतात आणि जेथे खरोखरच दाद मागण्यासारखी बाब असते तेथे वेळ निघून जातो. प्रतीक्षा यादी म्हणजे नेमके काय, ती कशी चालते आणि दाद कोणत्या टप्प्यावर उपयोगी पडते, याचा विचार म्हणूनच करावयाचा आहे.

नवोदय विद्यालयांच्या योजनेशी विदर्भाचे नाते आरंभापासूनचे आहे. १९८५-८६ मध्ये प्रायोगिक स्वरूपात देशात जी पहिली दोन विद्यालये सुरू झाली त्यांपैकी एक हरयाणातील झज्जर येथे व दुसरे अमरावती येथे होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक जिल्ह्यात असे एक निवासी विद्यालय असावे, ही कल्पना स्वीकारली. ग्रामीण भागातील गुणवान मुलांना, त्यांच्या पालकांची आर्थिक स्थिती कशीही असो, उत्तम शिक्षण मिळावे हा त्यामागील हेतू होय. महाराष्ट्राला ही कल्पना अगदीच नवी नव्हती. ग्रामीण गुणवंतांसाठी राज्य शासनाने १९६० च्या दशकातच शासकीय विद्यानिकेतने काढली होती. तथापि नवोदयची व्याप्ती मोठी आहे. तमिळनाडूचा अपवाद सोडता ही विद्यालये देशभर पसरलेली असून त्यांचे संचालन नवोदय विद्यालय समिती ही केंद्र शासनाची स्वायत्त संस्था करते. समितीचे मुख्यालय नोएडा येथे आहे आणि महाराष्ट्रासाठीचे विभागीय कार्यालय पुणे येथे आहे. जिल्हाधिकारी हे विद्यालयाच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष असतात. यातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी : जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग अर्ज, परीक्षा व दाखले यांच्या कामी साह्य करतो, परंतु निवडीचा निर्णय त्याच्या हाती नसतो.

ऐंशी जागांची वाटणी

निवड चाचणी वस्तुनिष्ठ स्वरूपाची असते. दोन तासांत ८० प्रश्न सोडवावयाचे असून एकूण गुण १०० असतात. त्यांपैकी मानसिक क्षमतेला ५०, अंकगणिताला २५ व भाषेला २५ गुण असतात. मराठी माध्यमातील मुलांना ही चाचणी मराठीतून देता येते. येथपर्यंत सर्वांना एकच माप लावले जाते. निवड यादी तयार करताना मात्र केवळ गुणांच्या उतरत्या क्रमाने पहिली ८० नावे घेतली जात नाहीत.

किमान ७५ टक्के जागा ग्रामीण उमेदवारांमधून भरावयाच्या असतात. उरलेल्या जागांसाठी ग्रामीण व नागरी अशा दोन्ही भागांतील मुलांचा गुणवत्तेनुसार विचार होतो. एकूण जागांपैकी किमान एक-तृतीयांश जागा मुलींना द्याव्या लागतात. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांचे आरक्षण जिल्ह्यातील त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात असते. ते अनुक्रमे १५ व साडेसात टक्क्यांहून कमी असत नाही आणि दोहोंचे मिळून ५० टक्क्यांपलीकडे जात नाही. २०२१-२२ पासून इतर मागासवर्गांसाठी २७ टक्के आरक्षण लागू झाले. दिव्यांग मुलांसाठीही तरतूद आहे.

नागपूर जिल्ह्यापुरते हे गणित मांडून पाहिले असता त्यातील तीव्रता ध्यानात येते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४६ लाख ५४ हजार होती व त्यांपैकी ६८ टक्के लोक नागरी भागात राहत होते. म्हणजे जिल्ह्यातील सुमारे एक-तृतीयांश लोकसंख्येच्या मुलांसाठी ८० पैकी किमान ६० जागा आहेत आणि उरलेल्या २० जागांसाठी महानगरासह सर्व जिल्हा स्पर्धेत उतरतो. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे बहुतांश वस्ती खेड्यांतच आहे, ‘ग्रामीण’ या शब्दाने फारसा फरक पडत नाही. नागपुरात तोच शब्द प्रवेशाचे दार उघडतो किंवा बंद करतो. त्याच जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे साडेअठरा टक्के व अनुसूचित जमातींची सुमारे साडेनऊ टक्के होती. या हिशेबाने त्यांच्या वाट्यास अनुक्रमे १५ च्या आसपास आणि ७ ते ८ जागा येतात.

प्रतीक्षा यादी ही एक रांग नाही

प्रतीक्षा यादीविषयीचे गैरसमज बहुतेक ‘रांग’ या कल्पनेतून निर्माण होतात. रेल्वेच्या आरक्षणात पुढच्या प्रवाशाने तिकीट रद्द केले की मागचा पुढे सरकतो, तसेच येथेही होत असावे असे पालकांना वाटते. परंतु नवोदयच्या वर्गात ग्रामीण, मुली, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांची प्रमाणे राखावयाची असल्यामुळे रिकामी झालेली जागा ज्या गटातील असेल त्याच गटातील पुढच्या उमेदवाराने ती भरली, तरच ती प्रमाणे टिकतात. म्हणून प्रतीक्षा यादी ही एक रांग नसून अनेक लहान रांगांचा समुच्चय असतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. रामटेक तालुक्यातील अनुसूचित जमातीची एक मुलगी निवडली गेली. घरापासून दूर वसतिगृहात राहण्यास ती वा तिचे पालक तयार झाले नाहीत आणि जागा मोकळी झाली. नागपूर शहरातील एका मुलाचे गुण, निवड न झालेल्या सर्व मुलांत, सर्वाधिक आहेत. त्याच्या पालकांना वाटते की आता त्यालाच बोलावणे येणार. येत नाही. भिवापूर तालुक्यातील त्याच्याहून कमी गुणांच्या मुलीला पत्र जाते. शहरातील पालकांना हा अन्याय वाटतो. वस्तुतः तो नियम आहे. याउलट, त्या जागेवर शहरातील मुलगा घेतला गेला असता तर भिवापूरच्या मुलीचे पालक कोणाकडे जाणार होते? बहुधा त्यांना ते कळलेही नसते.

जागा मोकळ्या का होतात, हेही पाहण्यासारखे आहे. काही पालकांचा निर्णय ऐन वेळी फिरतो. काही मुलांची सैनिकी शाळेसारख्या दुसऱ्या संस्थेत निवड झालेली असते. साताऱ्याच्या १९६१ च्या सैनिकी शाळेच्या जोडीला आता विदर्भात चंद्रपूरचीही सैनिकी शाळा आहे. काहींची कागदपत्रे पडताळणीत टिकत नाहीत. काही मुले पहिल्याच महिन्यात घरच्या आठवणीने परत येतात. यांपैकी कोणते कारण किती वेळा घडेल, हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे ‘यादीत तिसरा क्रमांक आहे, म्हणजे नक्की मिळेल’ असे कोणीही पालकांना सांगू नये. मुलाच्या गटातील एकही जागा मोकळी झाली नाही, तर पहिला क्रमांकही वर्षअखेर पहिलाच राहतो.

येथे कायद्याची भूमिकाही समजून घ्यावी. निवड यादीत नाव येणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे, असे समितीच्या माहितीपत्रकातच नमूद असते. निवड तात्पुरती असून प्रत्यक्ष प्रवेश होईपर्यंत तिच्यामुळे कोणताही हक्क निर्माण होत नाही. निवड यादीतील उमेदवाराची ही स्थिती, तर प्रतीक्षा यादीतील उमेदवाराची त्याहून दुबळी. नोकरभरतीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये गुजरातमधील अभियंत्यांच्या प्रकरणात असे म्हटले की, निवड झालेला उमेदवार रुजू झाला नाही तर वापरावयाची ती एक तरतूद आहे. भरतीचा तो स्वतंत्र स्रोत नव्हे. शालेय प्रवेश व नोकरभरती या भिन्न गोष्टी आहेत, परंतु प्रतीक्षा यादीचे स्वरूप दोन्हीकडे सारखेच आहे.

शाळा कोठे भरते?

आता ज्या एका मुद्द्यावर सर्वाधिक जागा हातच्या जातात त्याकडे वळावयास हवे. ‘ग्रामीण’ ठरण्यासाठी मुलाचे घर खेड्यात असणे पुरेसे नाही. मुलाने तिसरी, चौथी व पाचवी या तिन्ही इयत्ता, प्रत्येकीचे पूर्ण शैक्षणिक सत्र, ग्रामीण भागातील शाळेत शिकून पूर्ण केलेल्या असाव्या लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी नागरी भागातील शाळेत नाव असले तरी तो उमेदवार नागरी समजला जातो. कसोटी घराची नसून शाळेच्या स्थानाची आहे. शेतमजुराचे मूल असो वा सधन बागायतदाराचे, नियम एकच.

महाराष्ट्रात ही कसोटी विशेष जाचक ठरण्याचे कारण आपल्या शाळांच्या रचनेत आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा दीर्घकाळ चौथीपर्यंतच होत्या आणि पाचवीचा वर्ग माध्यमिक शाळेला जोडलेला असे. माध्यमिक शाळा बहुधा तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी असते. पाचवीचा वर्ग प्राथमिक शाळांना जोडण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० मध्ये घेतला खरा. तरीही चौथी संपली की ‘चांगल्या शाळेत’ म्हणून मुलाचे नाव काटोल, सावनेर, उमरेड अशा नगरपरिषदेच्या गावी घालण्याची पालकांची रीत अजून आहे. हेतू चांगला असतो. परिणाम असा होतो की खेड्यात राहणारा, रोज बसने जाणारा मुलगा नवोदयच्या दृष्टीने शहरी ठरतो व ६० जागांच्या गटातून २० जागांच्या स्पर्धेत जाऊन पडतो. हे चौथीच्या वर्षाअखेरीस पालकसभेत कोणी सांगितले असते तर टळले असते.

दुसरी अडचण गावाच्या दर्जाविषयी आहे. जनगणनेने अथवा त्यानंतरच्या शासकीय अधिसूचनेने जे क्षेत्र नागरी ठरले आहे ते नागरी, उरलेले ग्रामीण. नागपूरच्या सभोवती हा नकाशा वेगाने बदलला आहे. वाडी, वानाडोंगरी ही कालची खेडी आज नगरपरिषदा आहेत. हिंगणा, कुही, भिवापूर, मौदा, पारशिवनी या तालुक्याच्या गावी ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या. बेसा-पिपळा, बहादुरा यांचेही तेच झाले. गावकऱ्यांच्या बोलण्यात आणि शाळेच्या जुन्या शिक्क्यावर मात्र गाव अद्याप गावच असते. मुख्याध्यापक सवयीने ‘ग्रामीण’ असा दाखला देतात, मुलाची त्यानुसार निवड होते आणि पडताळणीच्या टेबलावर अधिसूचना पुढे येते. त्या वेळी मुलाच्या हातून जागा जाते ती त्याच्या चुकीने जात नाही.

तिसरा प्रकार अधिक खेदजनक आहे. शहरात राहणाऱ्या व तेथेच शिकवणीला जाणाऱ्या मुलाचे नाव केवळ पटावर ग्रामीण शाळेत ठेवावयाचे, हजेरी लावावयाची आणि ‘ग्रामीण’ दाखला मिळवावयाचा. अशा दाखल्यावर सही करणाऱ्याला वाटते की आपण एका मुलाचे भले केले. वस्तुतः त्याने दुसऱ्या एका मुलाची जागा घेतलेली असते. फक्त त्या मुलाचे नाव त्याला ठाऊक नसते, कारण ते प्रतीक्षा यादीत कोठेतरी असते. शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के प्रवेशांबाबत २०२४ मध्ये नागपुरात खोट्या कागदपत्रांवरून पालकांविरुद्ध गुन्हे दाखल झाले होते. तेथील प्रवेश सोडतीने होतात, येथील गुणवत्तेने. दाखल्याची जबाबदारी मात्र तितकीच गंभीर आहे.

राज्याचा प्रवर्ग, केंद्राचा प्रवर्ग

प्रवर्गाच्या दाखल्याबाबतही महाराष्ट्रातील पालकांची एक खास अडचण होते. राज्यात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग यांच्या जोडीला विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग असे स्वतंत्र प्रवर्ग आहेत. शिष्यवृत्तीपासून वसतिगृहापर्यंत सर्वत्र हे प्रवर्ग पालकांच्या परिचयाचे असतात. केंद्राच्या व्यवस्थेत ते नाहीत. नवोदय विद्यालय केंद्राचे असल्यामुळे तेथे इतर मागासवर्गांची केंद्रीय यादी लागू होते. उदाहरणार्थ, बंजारा समाज राज्यात विमुक्त जातींमध्ये गणला जातो, तर केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गांत. अशा कुटुंबाने राज्याच्या नमुन्यातील दाखला पुढे केला तर तो खरा असूनही उपयोगी पडत नाही. केंद्र शासनाच्या नमुन्यातील, उन्नत गटात मोडत नसल्याचे नमूद असलेला दाखला लागतो.

हा दाखला निवड झाल्यानंतर मागावयास निघाल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील कार्यवाही पूर्ण होईपर्यंत मुदत टळण्याची भीती असते. एखाद्या तांड्यावरील पालकाला मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी चार खेपा घालाव्या लागतात, हेही विसरता येणार नाही. ग्रामपंचायत सदस्याने येथे करावयाचे काम साधे आहे : अर्ज भरल्याबरोबर, निकालाची वाट न पाहता, दाखल्यासाठी प्रकरण दाखल करून द्यावे.

जन्मतारखेची गोष्टही तशीच. नवोदयची वयोमर्यादा तारखांनी बांधलेली असते. २०२५-२६ च्या प्रवेशासाठी १ मे २०१३ ते ३१ जुलै २०१५ या काळात जन्मलेलीच मुले पात्र होती. जन्म-मृत्यू नोंदवहीतील तारीख एक व शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतील दुसरी, असे आढळल्यास पडताळणीत अडचण होते आणि ऐन वेळी नोंदवहीत खाडाखोड करणे मुख्याध्यापकांच्या अधिकारात नसते. पाचवीच्या पहिल्या महिन्यात दोन्ही नोंदी ताडून पाहिल्यास विहित मार्गाने दुरुस्ती करून घेण्यास वेळ मिळतो.

दाद मागण्याची खरी वेळ

अर्ज साधारणतः पावसाळ्याच्या दिवसांत, शाळा सुरू झाल्यानंतर मागविले जातात. अर्ज विनामूल्य असतो व तो संगणकावरून भरावयाचा असतो. त्यासोबत मुख्याध्यापकांनी प्रमाणित केलेला, मुलाचे छायाचित्र व पालकांची सही असलेला दाखला जोडावा लागतो. मुदत संपल्यानंतर समिती थोडे दिवस दुरुस्तीची संधी देते. त्या अवधीत मुलगा की मुलगी, प्रवर्ग कोणता, क्षेत्र ग्रामीण की नागरी, दिव्यांगत्व आहे काय आणि परीक्षेचे माध्यम कोणते, या बाबी बदलता येतात. ज्या बाबींवर पुढे निवड व प्रतीक्षा क्रम अवलंबून असतो, त्याच या बाबी आहेत. म्हणून ही अल्प मुदत म्हणजे या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत परिणामकारक ‘अपील’ होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. दुर्दैवाने तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. सेवा केंद्रावर अर्ज भरून दिला की काम संपले असे पालक समजतात आणि भरणाऱ्याने घाईत ‘नागरी’वर खूण केली की काय, हे पाहण्यास कोणी परत जात नाही. भरलेल्या अर्जाची प्रत शाळेत मागवून ती दाखल-खारीज नोंदवहीशी ताडून पाहणे, एवढे एकच काम केंद्रप्रमुखांनी आपल्या केंद्रातील शाळांत करवून घेतले तरी निकालानंतरच्या तक्रारी पुष्कळ कमी होतील.

हे निकडीने सांगण्याचे आणखी एक कारण आहे. सहावीची निवड चाचणी कोणत्याही परिस्थितीत दुसऱ्यांदा देता येत नाही. शिष्यवृत्ती हुकली तर पुढच्या टप्प्याची परीक्षा असते. दहावी हुकली तर पुरवणी परीक्षा असते. येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलाला एकच संधी आहे.

निकालानंतर काय उरते?

दहावी-बारावीच्या निकालानंतर मंडळाच्या नागपूर विभागीय कार्यालयाकडे गुणपडताळणी, छायाप्रत व पुनर्मूल्यांकन यांसाठी अर्ज करण्याची पालकांना सवय आहे. राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेतही अंतरिम उत्तरसूची जाहीर होते, तिच्यावर आक्षेप मागविले जातात आणि गुणपडताळणीची सोय असते. नवोदयच्या निवड चाचणीत फेरमोजणी वा फेरतपासणीची तरतूद नाही. निकाल संगणकावर तयार होतो हे कारण त्यासाठी दिले जाते. ‘गुण पुन्हा मोजा’ असा अर्ज घेऊन पुण्याला जाण्याने काहीही साध्य होत नाही.

याचा अर्थ सर्व दारे बंद आहेत असा नाही. नवोदय विद्यालय समिती माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली येते. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात दिला आहे. अर्जाचे शुल्क १० रुपये असून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना ते माफ आहे. माहिती ३० दिवसांत द्यावयाची असते; न मिळाल्यास वा अपुरी मिळाल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते. मात्र दुसऱ्या मुलाची वैयक्तिक कागदपत्रे मागितल्यास ती मिळतीलच असे नाही. विचारावयाचे ते आपल्या मुलाविषयी व प्रक्रियेविषयी : मुलाची गणना कोणत्या गटात झाली, त्या गटात प्रतीक्षा क्रम काय, त्या गटातील किती जागा मोकळ्या झाल्या व त्या कोणत्या तारखांना भरल्या. या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून अन्याय झाला आहे काय, हे बहुधा स्पष्ट होते.

तथापि माहितीची वाट पाहत स्वस्थ बसणे योग्य नाही, कारण तोवर सत्र पुढे सरकते आणि प्रवेशाची अंतिम तारीख उलटली की प्रतीक्षा यादीही निरुपयोगी होते. पडताळणीत प्रवेश नाकारला गेला असेल तर त्याच दिवशी कारण लेखी मागावे. प्राचार्यांकडे, पुण्याच्या विभागीय कार्यालयाकडे व व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन द्यावे व पोच घ्यावी. चूक दाखल्याची असेल तर ती कोणत्या नोंदीवरून सिद्ध होते, हे निवेदनात एका परिच्छेदात सांगावे. ‘मुलगा हुशार आहे, गरिबी आहे’ एवढेच लिहिलेल्या निवेदनावर, ते कितीही खरे असले तरी, अधिकाऱ्याला काही करता येत नाही. ‘तिसरी ते पाचवी अमुक शाळेत, ती शाळा अमुक ग्रामपंचायतीच्या हद्दीत, अधिसूचना नाही’ असे लिहिलेल्या निवेदनावर त्याला निर्णय द्यावाच लागतो.

न्यायालयात जाण्याची वेळ आल्यास विदर्भातील पालकांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे. तेथेही विलंब हाच मोठा शत्रू. वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असे ठरविले की, उमेदवाराची स्वतःची चूक नसताना नियम मोडून त्याला डावलले गेले असेल आणि त्याने विनाविलंब दाद मागितली असेल, तर न्यायालय अपवादात्मक परिस्थितीत त्याला जागा मिळवून देऊ शकते. यातील दोन्ही अटी, म्हणजे स्वतःची चूक नसणे व तत्परता, शालेय प्रवेशातही कोणताही वकील प्रथम विचारील.

परदेशातील एक रीत येथे पाहण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये वयाच्या अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या १६३ शासकीय ग्रामर शाळा आहेत. तेथे प्रवेश नाकारला गेलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकाला स्वतंत्र अपील मंडळापुढे जाण्याचा कायदेशीर अधिकार असतो. मंडळात किमान तीन सदस्य असतात व ते शाळेशी संबंधित नसतात. प्रवेशाचे नियम कायदेशीर होते काय व ते या मुलाच्या बाबतीत नीट पाळले गेले काय, हे मंडळ प्रथम पाहते. त्यानंतर आणखी एक मूल घेतल्याने शाळेची होणारी अडचण आणि न घेतल्याने मुलाची होणारी हानी यांची तुलना करते. त्याचा निर्णय शाळेवर बंधनकारक असतो. मात्र मंडळाला मुलाची स्वतःची नवी परीक्षा घेता येत नाही. प्रतीक्षा यादी तेथे किमान ३१ डिसेंबरपर्यंत ठेवावी लागते व ती अर्जाच्या तारखेवर नव्हे तर प्रवेशाच्या निकषांवर लावलेली असते. त्यामुळे नवे नाव आले की ती पुन्हा लावली जाते आणि आधीच्या मुलाचा क्रमांक खालीही जाऊ शकतो. आपल्याकडे एका जागेमागे उमेदवारांची संख्या पाहता प्रत्येकाची सुनावणी करणे अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्यांची निवड होऊन कागदपत्रांवरून प्रवेश नाकारला गेला, अशी मुले कोणत्याही जिल्ह्यात मोजकीच असतात. त्यांच्यापुरती तरी सुनावणी, लेखी कारण आणि गटवार प्रतीक्षा यादी विद्यालयाच्या फलकावर लावण्याची पद्धत अशक्य कोटीतील नाही. जिल्हाधिकारी समितीचे अध्यक्ष असल्याने जिल्हा पातळीवर यास चालना देणे त्यांना सहज शक्य आहे.

प्रतीक्षा यादीतील मुलाच्या शाळेनेही एक पथ्य पाळावे. निकालापासून प्रवेश बंद होईपर्यंत त्याच्या पालकांचा चालू दूरध्वनी क्रमांक, दाखले व छायाचित्रे एका पाकिटात तयार ठेवावीत. बोलावणे अल्प मुदतीचे असते. कापसाच्या लावणीच्या दिवसांत पालक शेतावर, दूरध्वनी बंद आणि मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेलेले, अशा योगायोगानेही जागा पुढच्या मुलाकडे जाते. दरम्यान मुलाचे नाव गावच्या किंवा जवळच्या शाळेच्या सहावीत घातलेले असावे. बोलावणे येईल या आशेवर त्याला घरी बसविणे चूक आहे.

ज्यांना बोलावणे आलेच नाही त्यांच्यासाठी नवोदयचे दार पुन्हा एकदा उघडते. वरच्या वर्गांत मोकळ्या झालेल्या जागांसाठी नववीत प्रवेशाची स्वतंत्र चाचणी होते. जिल्ह्यातील मान्यताप्राप्त शाळेत आठवीत शिकणारी मुले तिला बसू शकतात. तिच्यात गणित व विज्ञान यांना प्रत्येकी ३५ आणि इंग्रजी व हिंदी यांना प्रत्येकी १५ गुण असतात. अकरावीतही रिक्त जागांवर प्रवेश दिला जातो. नववीच्या चाचणीची जाहिरात सहावीच्या जाहिरातीइतकी गावोगाव पोहोचत नाही. ज्या शाळांत आठवीचा वर्ग आहे त्यांच्या मुख्याध्यापकांनी, तीन वर्षांपूर्वी सहावीच्या चाचणीला बसलेल्या आपल्या मुलांची नावे काढून, ती जाहिरात त्यांच्या घरी पोहोचवावी.